दिनविशेष : १८ डिसेंबर, नाबाद ४४३

१९४८ साली आजच्या दिवशी पुण्यात काठियावाडचा संघ सामना सोडून निघून गेला. महाराष्ट्र ४ बाद ८२६; कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३. ब्रॅडमनच्या ४५२ धावांचा विश्वविक्रम ९ धावांवर होता. के. व्ही. भांडारकरांसोबत दुसऱ्या विकेटची भागीदारीच ४५५ धावांची. धुळे-जळगावचे खेळाडू आज ज्या रणजी संघाचं दार ठोठावतात, त्या महाराष्ट्राच्या खात्यातली ही खेळी प्रथम श्रेणीत भारतीयांमध्ये अजून सर्वोच्च आहे.

काठियावाडची गोलंदाजी दुबळी होती, हा आक्षेप जुनाच आणि खराही. पण दुबळ्या गोलंदाजीवर एक डाव उभा राहतो, कारकीर्द नाही. ८० प्रथम श्रेणी सामन्यांत ४,८४१ धावा, सरासरी ४७.९३, रणजीत तर ५६ च्या वर: हे आकडे नशिबाचे नव्हेत. तरीही निंबाळकरांना कसोटीची टोपी मिळाली नाही. मधल्या फळीत हजारे, मोदी, अधिकारी होते, जागा कुठे होती, असं म्हणतात. मान्य, पण त्याच हिवाळ्यात वेस्ट इंडीज भारतात पाच कसोट्या खेळत होता. त्यांपैकी एकीतही त्यांना उतरवून पाहिलं नाही, याचं पटेल असं कारण आकड्यांत तरी सापडत नाही.