वाढप्याने किती डोकं चालवावं?

मंडळी, आजचं पोस्ट जरा आमच्या धंद्यातलं आहे, पण काका-मावशांनी लगेच खिडकी बंद करू नये. मुद्दा पंगतीचा आहे आणि पंगत सगळ्यांनाच कळते.

समजा, दोनशे पानं मांडली आहेत. वाढपी एका टोकाकडून निघतो आणि प्रत्येक पानावर तेच करतो. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. आमच्या भाषेत याला 'लूप' म्हणतात. आता बसलेल्यांपैकी काहींना मधुमेह आहे, त्यांना जिलबी वाढायची नाही. हे कोणी ठरवायचं? वाढप्याने तिथल्या तिथे, की आत कोणीतरी यादी बघून आधीच पानाशी चिठ्ठी ठेवायची आणि वाढप्याने ती नुसती वाचायची?

वेबपानं बनवणाऱ्यांत हा वाद तीस वर्षं चालू आहे. वाढपी म्हणजे टेम्प्लेट, आपल्या मराठीत साचा. साच्यात मोकळ्या जागा असतात, बहुतेक वेळा महिरपी कंसात, आणि तिथे प्रत्येक वेळी नवा मजकूर येऊन बसतो. त्या कंसात नुसतं नाव लिहायचं की 'वय साठच्या वर असेल तर अमुक, नाहीतर तमुक' असं गणितही करू द्यायचं, एवढाच प्रश्न. दिसायला चिमूटभर, पण त्यापायी काय काय झालं बघा.

आपण ब्लॉगवाले या इतिहासाचे साक्षीदार आहोत, हे आपल्या लक्षातही नसतं. ब्लॉगर १९९९ साली सुरू झालं आणि २००३ मध्ये गूगलने विकत घेतलं. त्याच्या जुन्या साच्यात डॉलरच्या दोन खुणांमध्ये 'ब्लॉगआयटमबॉडी' असे शब्द असत. तिथे तुमचा लेख येऊन बसे, बास. वाढपी आज्ञाधारक होता, डोकं अजिबात चालवत नव्हता. २००६ मध्ये नवी पद्धत आली. तिच्यात 'बी:लूप' होतं, 'बी:इफ' होतं आणि दुव्याच्या आधी 'एक्स्प्र' लावलं की तिथे एक्स्प्रेशन, म्हणजे हिशेब करून काढलेली किंमत टाकता येई. 'कॉमेंट्स'च्या जागी 'प्रतिक्रिया' लिहिण्यासाठी आपल्यापैकी किती जणांनी तो साचा उघडून घाबरत घाबरत बदल केले असतील!

त्याआधीची गोष्ट तर उलटीच आहे. रॅस्मस लेर्डॉर्फने १९९५ मध्ये पीएचपी जगासमोर ठेवली, तेव्हा ती पानात मजकूर भरण्याचीच युक्ती होती. पुढे ती पूर्ण भाषा झाली. १९९९ मध्ये सन कंपनीची जेएसपी आली, तिच्यात पानाच्या मधोमध खुशाल जावा लिहिता येई. म्हणजे वाढपीच स्वयंपाक करू लागला! पंगत बसल्यावर पानातच फोडणी. एक पान सुधारायला गेलं की तीन बिघडत, कारण हिशेब कुठे आणि मांडणी कुठे हे सापडायचंच नाही.

त्यावर २००४ मध्ये टेरेन्स पार या सॅन फ्रान्सिस्कोतल्या प्राध्यापकाने शोधनिबंध लिहिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की साच्याने आलेल्या माहितीवर हिशेब करू नये, तुलनाही करू नये, फक्त मांडावं. २००९ मध्ये क्रिस वॅनस्ट्रॅथने 'मस्टॅश' काढलं, ते याच पठडीतलं. कंस आडवा केला की मिशीसारखा दिसतो म्हणून हे नाव! त्याचं ब्रीदच 'साच्यात तर्क नको' असं होतं.

पण लोकांना सोय हवी असते. २०१० मध्ये गूगलचं अँग्युलर खुलं झालं आणि दुहेरी महिरपी कंसात बेरीज, तुलना सगळं चालू लागलं. गैरवापर होऊ नये म्हणून त्या कंसाभोवती त्यांनी एक कुंपण घातलं. संशोधक ते पुन्हा पुन्हा तोडत राहिले आणि शेवटी २०१६ च्या डिसेंबरात आलेल्या १.६ आवृत्तीत अँग्युलरवाल्यांनी कुंपणच काढून टाकलं. लोक त्याला सुरक्षा समजत होते आणि ती सुरक्षा नव्हतीच, असं त्यांनी सरळ सांगितलं. मला हा प्रामाणिकपणा फार आवडतो.

आता घरच्यांना पटेल अशी गोष्ट. मार्च २०१७ मध्ये अपाची स्ट्रट्स या जावाच्या चौकटीत एक भोक सापडलं. फाईल पाठवताना सोबत जाणाऱ्या एका ओळीत काही वेडंवाकडं लिहिलं, की चौकट चुकीचा संदेश तयार करी, आणि तो करताना त्या परक्या ओळीतलं एक्स्प्रेशन चक्क चालवून बघे! दुरुस्ती लगेच निघाली. पण इक्विफॅक्स या अमेरिकन पतमाहिती कंपनीच्या एका यंत्रणेत ती लावली गेली नाही. मे महिन्यात चोर आत शिरले, जुलैअखेर ते लक्षात आलं आणि सप्टेंबरात जगाला कळलं. सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली. २०१९ च्या तडजोडीत कंपनीला किमान ५७.५ कोटी डॉलर मोजायचं कबूल करावं लागलं. हे सगळं एका कंसातल्या हिशेबापायी. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजेमध्ये निघालेलं भोकही याच जातकुळीचं होतं.

मग पारचंच खरं, असं म्हणून हा विषय मिटवायचा का? मला तसं वाटत नाही. वेब कॉम्पोनंटचा इतिहास बघा. गूगलच्याच पॉलिमरच्या ०.५ आवृत्तीत कंसात एक्स्प्रेशन चालत. २०१५ च्या १.० मध्ये ती काढली. नकाराची खूण आणि फंक्शनला हाक मारणं तेवढं राहिलं. २०१७ मध्ये जस्टिन फॅग्नानीचं लिट-एचटीएमएल आलं आणि लूपच्या आत पुन्हा अख्खी जावास्क्रिप्ट! उलट २०१८ च्या डिसेंबरात सेल्सफोर्सने जाहीर केलेल्या लाइटनिंग वेब कॉम्पोनंट्समध्ये कंसात फक्त नाव चाले. हिशेब हवा तर 'गेटर' लिहा. पण गेटरला लूपमधला कितवा माणूस चालू आहे हे कळत नाही! म्हणून एक तर सगळी यादी आधीच तयार करून द्यायची, प्रत्येकाच्या चिठ्ठीसकट, नाहीतर प्रत्येक पानासाठी एक छोटा स्वतंत्र कॉम्पोनंट करायचा.

आमच्याकडे नव्याने लागलेल्या एका मुलीने मला विचारलं, "दादा, एवढं साधं 'असेल तर' लिहू देत नाहीत, हा अडाणीपणा नाही का?" तिचा त्रागा खरा होता. तिला उत्तर देताना मलाच एक गोष्ट नीट उमगली. लिटमध्ये सगळं चालतं तरी ते स्ट्रट्ससारखं फुटत नाही, कारण तिथे साचा लिहिणाऱ्याचे शब्द आणि बाहेरून येणारी किंमत भाषेच्या पातळीवरच वेगवेगळी राहतात. बाहेरून आलेल्या मजकुरात एखाद्याने कंस लिहून पाठवला, तरी तो कंस म्हणूनच छापला जातो, चालवला जात नाही. म्हणजे वाढपी हुशार असण्यात धोका नाही. पंगतीत बसलेला कोणीही सोम्यागोम्या त्याला हुकूम सोडू शकतो, यात धोका आहे.

तिला मी एवढंच सांगितलं की वाढपी किती हुशार आहे हे मागाहून बघू, त्याआधी तो कोणाचं ऐकतो ते विचार. आणि लूपमध्ये पानाचा क्रमांक नको, माणसाचं नाव धर. लोक जागा बदलतात. जिलबीची चिठ्ठी पाटाला चिकटवली, तर एक जण उठून गेल्यावर गोड भलत्याच्याच पानात पडतं. बहुतेक सगळ्या चौकटी लूपमध्ये 'की' मागतात, त्या याचसाठी.

तिने शेवटी यादी आधीच तयार करून दिली. साच्यात नऊ ओळी उरल्या आणि त्या कोणालाही वाचता येतात. असो. तुमच्या जुन्या साच्यांच्या आठवणी असतील तर प्रतिक्रियेत जरूर लिहा.