लष्करचा सराफा आणि गुंजेचे माप

ग्वाल्हेरच्या लष्करातील सराफा बाजार मराठी माणसास परका नाही. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या दक्षिणेस तळ दिला. छावणीचे शहर झाले आणि महाराजबाड्याच्या आसमंतात सराफांच्या पेढ्या मांडल्या गेल्या. त्या काळी सोने तोलीत ते गुंजेने. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. गुंज म्हणजे रानवेलीचे तांबडे-काळे बी. सोन्याच्या कणाकणाचा हिशेब रानातल्या बियेने होई. पण त्या रानाचा हिशेब ठेवण्याची रीत मात्र आपल्या नगरांत पडली नाही.

शिंदे दरबारास हिरवळीचे वावडे होते असे नव्हे. माधवराव महाराजांच्या कारकिर्दीत फूलबाग सजली, १९१६ साली तिघऱ्याचे धरण पुरे झाले, १९२२ साली प्राणिसंग्रहालय निघाले. परंतु बाग लावणे निराळे आणि मूळची जीवसृष्टी राखणे निराळे. फूलबागेजवळ राणी लक्ष्मीबाईंची समाधी आहे, आणि शहरातून सुवर्णरेखा नदी वाहते. कसोटीच्या दगडावर उमटते तीही सुवर्णाची रेखाच! नदीचे पात्र बांधून काढले गेले, त्यातून सांडपाणी वाहू लागले. या रेघेवर नगराचा कस हीन ठरला, असे खेदाने म्हणावे लागते.

हा कस पाहण्याचे माप आता सिद्ध आहे. २००८ साली बॉन येथील परिषदेत सिंगापूरने नगरांच्या जैवविविधतेचा निर्देशांक सुचविला. नैसर्गिक भूमी किती, तिचे तुकडे परस्परांशी जोडलेले आहेत काय, वस्तीत देशी पाखरे किती जातींची, हे त्यात पाहतात. जातींच्या वाढीची तुलना त्या नगराच्याच पहिल्या गणनेशी होते. आपल्याकडेही २००२ च्या कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेस जैवविविधता समिती नेमून नोंदवही करावयास सांगितले आहे.

कोकण-गोमंतकातील वाचकांस देवराई ठाऊकच आहे. वा. द. वर्तक व माधव गाडगीळ यांनी १९७० नंतरच्या दशकात देवरायांतील वनस्पतींचा अभ्यास केला, तेव्हा श्रद्धेने काय राखले ते विद्वानांच्या ध्यानी आले. नगरातील देवळाचा पार, बेल, औदुंबर, पुष्करिणी ही त्याच परंपरेची लहान रूपे होत. प्रत्येक देवस्थानाने आपल्या आवारातील झाडे, पाखरे, फुलपाखरे यांची यादी दरवर्षी एकाच ऋतूत करावी, फरशी थोडी उखडून देशी झाडे लावावीत, आणि पुढील वर्षी पुन्हा मोजावे. मोजल्यावाचून काय गमावले हेही कळत नाही, असे आम्हांस वाटते.