'देवानांप्रिय' म्हणजे मूर्ख? सम्राट अशोक विसरला कसा गेला

व्ही. ई. श्वाब या अमेरिकन लेखिकेची 'द इन्व्हिजिबल लाइफ ऑफ अ‍ॅडी लारू' ही कादंबरी 2020 साली आली. आपल्या चळवळीतल्या इंग्रजी वाचणाऱ्या काही तरुणांनी ती वाचलीही असेल. कथा फ्रान्समधल्या एका खेड्यातली आहे. 1714 साली मनाविरुद्धचं लग्न टाळण्यासाठी अ‍ॅडी नावाची मुलगी अंधाराच्या देवाशी करार करते. तिला हवं तितकं आयुष्य मिळतं, पण सोबत एक शापही मिळतो. ती नजरेआड झाली की समोरचा माणूस तिला विसरतो. तिला स्वतःचं नाव सांगता येत नाही, लिहिता येत नाही. अशी ती तीनशे वर्षं जगते, जिवंत असून कुणाच्याही लेखी नसलेली.

कादंबरी चांगली आहे. पण ती वाचताना मला सारखं वाटत होतं की, ज्या गोष्टीसाठी लेखिकेला देव आणि शाप लागला, ती गोष्ट आपल्या देशात माणसांनीच करून दाखवली आहे. अ‍ॅडी ही तर खेड्यातली एक साधी मुलगी. आपल्याकडे एक चक्रवर्ती सम्राट विसरवला गेला. तोही असा सम्राट, ज्याने विसरलं जाऊ नये म्हणून स्वतःचं म्हणणं दगडावर कोरून ठेवलं होतं!

सम्राट अशोकाचे शिलालेख आजच्या अफगाणिस्तानपासून कर्नाटकापर्यंत सापडले आहेत. आपल्या महाराष्ट्रात वसईजवळच्या सोपाऱ्यालाही 1882 साली भगवानलाल इंद्रजींना त्याच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. तेराव्या शिलालेखात अशोक कलिंगच्या युद्धाचा हिशेब स्वतःच देतो. एक लाख माणसं मारली गेली, दीड लाख लोकांना देशोधडीला लावलं, आणि याचा मला पश्चात्ताप होतो, असं तो सांगतो. जिंकलेल्या युद्धाची माफी दगडावर कोरणारे राजे जगात किती झाले? सातव्या स्तंभलेखात तो हे लेख कशासाठी कोरले तेही सांगतो. आपली मुलं-नातवंडं असेपर्यंत, चंद्र-सूर्य असेपर्यंत हा धम्म टिकावा, लोकांनी त्याप्रमाणे वागावं, म्हणून. त्याला दीर्घायुष्य स्वतःच्या देहासाठी नको होतं, धम्माच्या शिकवणुकीसाठी हवं होतं.

आणि पुढे काय झालं?

हा सातवा लेख ज्या स्तंभावर आहे, तो हरियाणातल्या टोपरा गावात उभा होता. चौदाव्या शतकात फिरोजशाह तुघलकाने तो दिल्लीला हलवला. त्यावर काय लिहिलंय हे वाचायला त्याने ब्राह्मण पंडितांना बोलावलं. कुणालाही एक अक्षर वाचता आलं नाही. शम्स-ए-सिराज अफीफ हा इतिहासकार लिहितो की, काहींनी सुलतानाला अर्थ सांगितला तो असा : हा स्तंभ कुणालाही हलवता येणार नाही, पुढे फिरोज नावाचा बादशहा येईल तोच हलवेल! लेख वाचता येत नाही हे कबूल करण्याऐवजी सत्ताधीशाला आवडेल तो अर्थ सांगून टाकला. ज्ञानाची मक्तेदारी सांगणाऱ्यांचा हा अस्सल नमुना आहे. तिकडे लोकांनी अशोकाच्या स्तंभांना भीमाची लाठी म्हणायला सुरुवात केली होती. बुद्धाच्या करुणेचा मजकूर अंगावर घेऊन उभा असलेला दगड महाभारतातल्या गदाधारी पैलवानाच्या नावावर जमा झाला.

त्याहून गंभीर गोष्ट भाषेत घडली. 'देवानांप्रिय' ही अशोकाची बिरुदावली. पतंजलीच्या काळापर्यंत हा शब्द आदराने वापरला जात होता. पण सतराव्या शतकात भट्टोजी दीक्षिताच्या 'सिद्धान्तकौमुदी'त त्याचा अर्थ येतो 'मूर्ख'. सम्राटाची पदवी शिवी झाली. पाठशाळेतला विद्यार्थी व्याकरण म्हणून हे पाठ करत होता आणि आपण कुणाची टिंगल करतोय याचा त्याला पत्ताही नव्हता. माणूस विसरणं ही एक गोष्ट झाली. त्याचं नाव शिल्लक ठेवून त्याचा अर्थ उलटा करणं हे त्याहून पक्कं काम आहे.

आता कुणी म्हणेल, यात कट कसला? लिपी बदलत गेली, जुनी अक्षरं वाचता येईनाशी झाली. हे जगात सगळीकडे होतं. पुराणांच्या मौर्य वंशावळीत अशोकाचं नाव आहेच की! हा आक्षेप प्रामाणिकपणे तपासला पाहिजे. लिपी बदलली हे खरं आहे. वंशावळीत नाव आहे हेही खरं आहे. पण याच भूमीवर वेद लिपीशिवाय, केवळ पाठांतराने, हजारो वर्षं स्वरासकट टिकले. म्हणजे स्मरणशक्ती कमी होती असं नाही. स्मरण कशाचं करायचं हे ठरवणारी संस्था होती. वेदांमागे पाठशाळा होत्या, दानं होती, जातीचं संरक्षण होतं. अशोकाच्या धम्मामागे विहार होते, आणि विहार संपले तशी ही स्मृतीही संपली. वंशावळीत उरलं ते नुसतं नाव. त्यात कलिंग नाही, पश्चात्ताप नाही, धम्म नाही.

याचा पुरावा समुद्रापलीकडे आहे. श्रीलंकेत भिक्खुसंघ टिकला, म्हणून 'दीपवंस' आणि 'महावंस' टिकले आणि त्यांत अशोक जिवंत राहिला. 1837 साली जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी लिपी उलगडली, तेव्हा 'पियदसि' हा राजा कोण, हा प्रश्न उभा राहिला. त्याचं उत्तर श्रीलंकेतल्या पाली ग्रंथांतून मिळालं. जॉर्ज टर्नर याने पियदसि म्हणजे अशोक हे दाखवून दिलं. पुढे 1915 साली कर्नाटकातल्या मस्कीला सापडलेल्या लेखात 'अशोक' हे नाव थेट कोरलेलंच निघालं. दगड आपल्याकडे होता, पण त्याचा मालक कोण हे सांगणारी आठवण परदेशातल्या संघाकडे होती. दगड एकटा काही बोलत नाही. तो वाचणारी माणसं पिढ्यान् पिढ्या लागतात.

कोरेगावचा स्तंभ हेच सांगतो. 1 जानेवारी 1818 च्या लढाईनंतर कंपनी सरकारने तो उभारला तो स्वतःच्या विजयासाठी. त्यावर पडलेल्या शिपायांची नावं आहेत आणि त्यांत 'नाक' प्रत्यय असलेली महार सैनिकांची नावं आहेत. शंभर वर्षं ती नावं तिथेच होती. पण 1 जानेवारी 1927 ला बाबासाहेब तिथे गेले आणि त्या नावांना वारस मिळाले. दगड तोच, अक्षरं तीच. वाचणारा बदलला आणि इतिहास बदलला.

खुद्द बाबासाहेबांच्या बाबतीत काय घडलं? महापरिनिर्वाणानंतर त्यांची अप्रकाशित हस्तलिखितं वर्षानुवर्षं पेट्यांत पडून होती. महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेचा पहिला खंड 1979 साली आला आणि त्यामागे वसंत मून यांचे कष्ट होते. मग मधली वीस-बावीस वर्षं बाबासाहेब कुणी जिवंत ठेवले? जलशांनी ठेवले, वामनदादा कर्डकांसारख्या कवी-गायकांनी ठेवले, वस्तीतल्या ओवी गाणाऱ्या आयाबायांनी ठेवले. पाठ्यपुस्तकांच्या आधी आपल्या घरांनी बाबासाहेब सांभाळले.

पण त्या आयाबायांची नावं आपण सांभाळली का? 1989 साली ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक काढलं. आंबेडकरी चळवळीतल्या कार्यकर्त्या स्त्रियांना शोधून, भेटून त्यांनी मुलाखती घेतल्या. हे काम झालं नसतं तर त्यांतल्या अनेकींची गत अ‍ॅडीसारखी झाली असती. आणि ती कुणा ब्राह्मणी व्यवस्थेने नाही, आपणच केली असती. हे कडू आहे, पण खरं आहे.

मित्रांनो, अमर आत्मा ही कल्पनाच तथागतांनी नाकारली. जे उत्पन्न झालं ते नष्ट होणार. आपल्यानंतर त्यांनी कुणी वारस नेमला नाही, धम्म हाच मार्गदाता ठेवला. त्यामुळे मी अमर व्हावं, माझं नाव राहावं, ही धडपड आपली नव्हे. आपला प्रश्न वेगळा आहे : विचार पुढच्या पिढीपर्यंत पोहोचवणारी संस्था आपण टिकवली आहे का? अशोकचक्र झेंड्यावर आहे, सारनाथचे सिंह नोटेवर आहेत. पण टोपऱ्याचा स्तंभही शतकानुशतकं सगळ्यांच्या डोळ्यांसमोरच उभा होता. समोर असणं म्हणजे आठवणीत असणं नव्हे. चौकात पुतळा आहे आणि वस्तीत वाचनालय नाही, अशी स्थिती राहिली तर उद्या आपल्याही पुतळ्याला कुणीतरी भीमाची लाठी म्हणेल आणि त्यावरचा मजकूर सत्ताधीशाला आवडेल तसा वाचून दाखवेल. तशी सुरुवात झालीच आहे, हे वेगळं सांगायला नको.

म्हणून करायचं काम छोटं आणि रोजचं आहे. घरातल्या जुन्या पेटीत समता सैनिक दलाचा बिल्ला असेल, 1956 च्या धम्मदीक्षेला नागपूरला गेलेल्या आजीची आठवण असेल, आजोबांची गाण्यांची वही असेल. वही फाटायच्या आत तिचे फोटो काढा. आजी आहे तोवर तिचं बोलणं मोबाइलवर नोंदवा, तिचं पूर्ण नाव आणि गाव लिहा. ते विहारात वाचून दाखवा आणि मुलांकडून वाचून घ्या. अशोकाला वाचणारा मिळायला दोन हजार वर्षं लागली. आपल्या माणसांना तेवढं थांबवायचं नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!