वाटीभर वरणाचा हिशेब

मूत्रपिंडाच्या रुग्णाला वरण कमी करायला सांगतात, त्यामागचा इतिहास मला वाचावासा वाटला. प्रथिनांपासून शरीरात युरिया बनतो. थकलेल्या मूत्रपिंडाला तो बाहेर टाकणे जड जाते. १९६४ साली इटलीत जिओव्हानेट्टी आणि माज्जोरे यांनी अगदी थोडी, पण अंड्यासारखी उच्च प्रतीची प्रथिने देऊन रुग्णांचा त्रास कमी केला. तेव्हा डायलिसिस फार थोड्यांना मिळे. १९९४ च्या मोठ्या अमेरिकी अभ्यासात मात्र फायदा बेताचाच दिसला. प्रथिने फारच कमी पडली तर स्नायू झिजतात, आणि त्यातूनही युरियाच बनतो. डायलिसिस सुरू झाले की प्रथिने उलट वाढवावी लागतात. आपल्याकडे अंडे नाही, म्हणून डाळ-दुधाचे माप आहारतज्ज्ञांकडून लिहूनच घ्या. आपल्या मनाने वरण बंद करू नका.