लिव्हरपूल

इंग्लंडच्या वायव्य भागातील बंदर व शहर. मर्सी नदीच्या मुखाजवळ, पूर्व काठावर वसलेले. लोकसंख्या १९३१ मध्ये सुमारे साडेआठ लाख होती; २००१ मध्ये ती सुमारे ४ लाख ४० हजारांवर आली. प्रस्तुत नोंदीत कापसाचा व्यापार आणि ग्रॅन्बी ही वस्ती यांचा विचार अधिक विस्ताराने केला आहे.

बंदराची घडण : जॉन राजाने १२०७ मध्ये सनद दिली. त्यानंतर सुमारे साडेचारशे वर्षे हे लहानसे बंदर होते. मर्सीला भरती-ओहोटीचा फरक फार मोठा, त्यामुळे ओहोटीला जहाजे गाळात बसत. १७१५ मध्ये टॉमस स्टीअर्स या अभियंत्याने खाडीचा एक फाटा बांधून काढून त्याला दरवाजे बसवले. भरतीला जहाज आत घ्यायचे व दरवाजे लावून पाणी अडवायचे, अशी ही गोदी. व्यापारी जहाजांसाठीची अशी ही जगातील पहिली गोदी मानतात. पुढे नदीकाठाने मैलोन्‌मैल गोद्या झाल्या. जेसी हार्टलीने बांधलेली अल्बर्ट गोदी १८४६ मध्ये सुरू झाली. तिच्या वखारी बीड, वीट व दगड यांच्या आहेत. आगीच्या भीतीने बांधकामात लाकूड टाळले होते.

गुलामांचा व्यापार : १६९९ मध्ये ‘लिव्हरपूल मर्चंट’ हे जहाज आफ्रिकेकडे निघाले. अठराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास या व्यापारात लिव्हरपूलने ब्रिस्टल व लंडन यांना मागे टाकले. कापड, धातूच्या वस्तू व बंदुका पश्चिम आफ्रिकेला जात. तेथून माणसे कॅरिबियन बेटांवर व अमेरिकेत नेऊन विकली जात. परतताना साखर, तंबाखू, कापूस येई. १८०७ मध्ये कायद्याने बंदी आली. शहराच्या पुढील भरभराटीत या पैशाचा वाटा किती, याविषयी इतिहासकारांत एकमत नाही. मात्र बंदीनंतरही मळ्यांवर गुलामांनी पिकवलेला अमेरिकन कापूस अनेक दशके याच धक्क्यांवर उतरत राहिला, हे विसरता येत नाही.

कापूस व वऱ्हाड : लँकेशरच्या गिरण्यांना लागणारा बहुतेक कापूस लिव्हरपूलमार्गे जाई. १८३० मध्ये लिव्हरपूल–मँचेस्टर रेल्वे सुरू झाली. १८४१ मध्ये दलालांनी आपली संघटना स्थापन केली. अमेरिकन यादवी युद्धात (१८६१–६५) दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली आणि लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांची नजर मुंबईकडे वळली. लँकेशरमध्ये हिंदुस्थानी कापसाला सरसकट ‘सुरत’ म्हणत. दलालांच्या भावपत्रकात मात्र हिंगणघाट, अमरावती, धारवाड, भडोच, धोलेरा अशी ठिकाणांची नावे स्वतंत्र येत. त्यांत हिंगणघाटला मान होता. एरवी धागा आखूड, गाठीत सरकी व कचरा, वजन वाढवायला मारलेले पाणी अशा तक्रारी गिरणीवाले करीत. भेसळ रोखण्यासाठी मुंबई सरकारने १८६३ मध्ये खास कायदा केला. युद्ध संपताच भाव कोसळले. १८६५–६६ मध्ये मुंबईत व्यापारी प्रेमचंद रायचंद यांच्या पेढीसह अनेक पेढ्या बुडाल्या. तरीही वऱ्हाडचे लिव्हरपूलशी जडलेले नाते तुटले नाही. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला, १८७० मध्ये समुद्राखालून तार आली, त्याच वर्षी वऱ्हाडातील खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा पोचला. शेतकऱ्याच्या गाडीतील कापसाचा भाव आता हजारो मैलांवरच्या बाजारात ठरू लागला. तो चढला तेव्हा नफा कोणाकोणात वाटला गेला, याविषयी अभ्यासकांत वाद आहे. पडला तेव्हा मात्र कर्ज शेतकऱ्याच्या डोक्यावर राहिले.

स्थलांतर : १८४७ मध्ये दुष्काळामुळे आयर्लंडमधून लाखो लोक येथे उतरले. चिनी खलाशांची वस्ती यूरोपातील जुन्यांपैकी एक.

उतरती कळा : मे १९४१ च्या बाँबहल्ल्यांत गोद्यांचे मोठे नुकसान झाले. युद्धानंतर कंटेनर आले, व्यापार यूरोपकडे तोंड असलेल्या पूर्वेच्या बंदरांकडे सरकला, हजारो गोदी कामगार बेकार झाले. अल्बर्ट गोदी १९७२ मध्ये बंद पडली. जुलै १९८१ मध्ये टॉक्स्टेथ भागात मोठी दंगल झाली. पोलिसांची कृष्णवर्णीय तरुणांशी वागणूक, बेकारी व पडझड यांपैकी कशाला किती महत्त्व द्यावे, याविषयी मतांतरे आहेत. शहर हळूहळू ओसरू द्यावे, असा सल्ला अर्थमंत्री जेफ्री हाऊ यांनी तेव्हा दिल्याचे २०११ मध्ये खुल्या झालेल्या सरकारी कागदपत्रांतून उघड झाले.

रहिवाशांनी केलेले पुनरुज्जीवन : व्हॉक्सहॉल भागातील टेट अँड लाइल कंपनीचा साखर कारखाना १९८१ मध्ये बंद पडला. तेथील लोकांनी पांगायला नकार देऊन त्याच जागेवर सहकारी तत्त्वावर ‘एल्डोनियन व्हिलेज’ उभारले.

ग्रॅन्बी हा टॉक्स्टेथचा भाग. येथील ओळीची विटांची घरे एकोणिसाव्या शतकात उभी राहिली. बांधकामात वेल्श कारागिरांचा हात मोठा होता. पुढे कॅरिबियन, पश्चिम आफ्रिकी, सोमाली, येमेनी कुटुंबे येथे स्थिरावली व ग्रॅन्बी स्ट्रीट गजबजलेली बाजारपेठ झाली. १९८१ नंतर पालिका व गृहसंस्था यांनी घरे विकत घेऊन रिकामी केली, दारे-खिडक्या पत्र्यांनी बंद केल्या. आसपासचे रस्ते पाडले गेले. बीकन्सफील्ड, केर्न्स, जर्मिन व ड्यूसी हे चार उरले. २००२ च्या सरकारी गृहयोजनेत तेही पाडायचे घाटत होते.

रहिवासी, विशेषतः बायका, हटले नाहीत. त्यांनी रस्ता झाडला, कुंड्या व टाक्यांत फुलझाडे लावली, बंद खिडक्यांच्या पत्र्यांवर चित्रे रंगवली, महिन्यातून एकदा केर्न्स स्ट्रीटवर बाजार भरवला. २०११ मध्ये त्यांनी सामूहिक भूमी न्यास स्थापला. न्यासाची घरे काही भाड्याने, काही विक्रीला असतात. किंमत बाजारभावाशी नव्हे, तर स्थानिक मिळकतीशी बांधलेली असते. म्हणून वस्ती सुधारली तरी मूळचा माणूस बाहेर फेकला जात नाही. ‘असेंबल’ या लंडनच्या वास्तुरचनाकार गटाने न्यासाबरोबर केर्न्स स्ट्रीटवरील दहा घरांचे काम केले. पडलेल्या घरांचे विटा-दगड दळून, सिमेंटात मिसळून चुलाण्यांच्या चौकटी ओतल्या; दारांच्या मातीच्या मुठी भुशाच्या धुरात भाजल्या. यासाठी असेंबलला २०१५ चे टर्नर पारितोषिक मिळाले. ग्रॅन्बीची कथा अनेकदा या पारितोषिकापासून सुरू केली जाते. प्रस्तुत नोंदकाराच्या मते ते चूक आहे. रचनाकार येण्याआधी रहिवाशांनी हे रस्ते अनेक वर्षे उभे ठेवले होते. छप्पर व मजले गेलेल्या दोन घरांत २०१९ मध्ये काचेच्या छताखाली सार्वजनिक बाग खुली झाली.

वारसा : गोद्या व व्यापारपेठ यांचा २००४ मध्ये यूनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला, काठावरील नव्या बांधकामांमुळे २०२१ मध्ये तो रद्द झाला. ग्रॅन्बी या हद्दीत नव्हते.

संगीत व क्रीडा : बीटल्स हा संगीतगट; एव्हर्टन व लिव्हरपूल हे फुटबॉल संघ.