मालिकेचा धनी आणि कथेचा शेवट

दूरचित्रवाणीवरील मालिकांविषयी आपल्या धर्मग्रामांतून जी चर्चा चालते ती बहुधा दोनच वळणांनी जाते. ज्येष्ठ मंडळी म्हणतात की मालिकांनी घरातील जपमाळेची वेळ गिळली, आणि तरुण मंडळी म्हणतात की मालिका आता पाहतो कोण! दोन्ही बोलण्यांत तथ्य आहे. परंतु ज्या गोष्टीने गेली चाळीस वर्षे आपल्या घरांतील संध्याकाळ व्यापली, ती गोष्ट सांगणारा मुळात कोण, हा प्रश्न दोघेही विचारीत नाहीत. नट-नट्या आपल्याला तोंडपाठ असतात, क्वचित लेखकाचे नावही ठाऊक असते. निर्मात्याचे नाव मात्र नामावलीत झरकन् निघून जाते. वास्तविक मालिकेचा धनी तोच. आणि धनी बदलला की केवळ दिवाणखान्यातील पडदे व बायकांच्या साड्याच बदलत नाहीत, तर कथा संपविण्याचा अधिकार एका हातातून दुसऱ्या हातात जातो. आमच्या मते या सर्व इतिहासातील खरी गोम तेथेच आहे.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या काळी 'निर्माता' हे पैसे गुंतविणाऱ्या व्यक्तीचे बिरुद नव्हते, ते सरकारी नोकरीतील एक पद होते. विजया जोगळेकर-धुमाळे, विनायक चासकर ही मंडळी महिन्याच्या पगारावर कार्यक्रम उभे करीत. चिं. वि. जोशी यांच्या कथांवरून सत्तरीच्या दशकाच्या उत्तरार्धात आलेली 'चिमणराव' मालिका त्याच व्यवस्थेतली. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी चिमणराव-गुंड्याभाऊंना असा देह दिला की पुस्तक वाचतानाही पुढे तेच चेहरे दिसू लागले. त्या निर्मात्याला काही विकायचे नव्हते, म्हणून गोष्ट संपली की संपली. साधनांची गरिबी मात्र डोळ्यांत भरे.

प्राइमटाइमची लांब मालिका भारतात आली तिचा एक धागा आमच्या विदर्भाशी जुळलेला आहे, ही गोष्ट नागपूरकरांच्याही फारशी ध्यानात नसते. नागपूरच्या सार्वजनिक जीवनात वाढलेले आणि वर्ध्याहून लोकसभेवर गेलेले वसंत साठे १९८० ते १९८२ या काळात केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री होते. रंगीत दूरदर्शनाचा त्यांनी धरलेला आग्रह सर्वश्रुत आहे. त्यांच्यानंतर काही महिने ते खाते नागपूरच्याच एन. के. पी. साळवे यांच्याकडे होते. मेक्सिकोच्या भेटीत साठे यांना तेथील शिक्षणपर मालिकांचा परिचय झाला. मिगेल साबिदो या मेक्सिकन निर्मात्याने १९७५ पासून प्रौढ साक्षरता, कुटुंबनियोजन असे विषय रोजच्या कौटुंबिक कथेत गुंफून दाखविले होते. त्याची रीत मोठी शिस्तीची होती. कथेत काही पात्रे चांगल्या मूल्यांची, काही वाईट मूल्यांची, आणि मधोमध काही डळमळीत मनाची. वाइटांना शिक्षा होणार, आणि डळमळणारे हळूहळू चांगल्याकडे वळणार. मनःपरिवर्तन हा तर आम्हा धर्मगुरूंचा विषय. तो मेक्सिको शहरातील एका स्टुडिओत असा तक्त्यावर मांडला गेला होता, हे वाचून आम्हाला कौतुक वाटले आणि थोडी धास्तीही वाटली.

७ जुलै १९८४ रोजी 'हम लोग' सुरू झाली. लेखक मनोहर श्याम जोशी, दिग्दर्शक पी. कुमार वासुदेव. शासनाला छोट्या कुटुंबाचा व स्त्रीच्या प्रतिष्ठेचा संदेश द्यायचा होता, परंतु खर्च शासन करणार नव्हते. निर्मितीचे काम शोभा डॉक्टर या खासगी निर्मातीकडे गेले आणि पैसा आला नूडल्स विकणाऱ्या कंपनीकडून. म्हणजे एका कथेला एकाच वेळी तीन धनी झाले! पहिल्या तेरा भागांत कुटुंबनियोजनाचा उपदेश इतका उघड होता की प्रेक्षक कंटाळले. त्यानंतर उपदेश पातळ करण्यात आला, आणि बडकी, मझली, छुटकी या बहिणींची सुखदुःखे पुढे आली. मालिकेने पकड घेतली ती तेव्हा. प्रत्येक भागाच्या शेवटी अशोककुमार येऊन अर्ध्या-पाऊण मिनिटात त्या दिवसाचे तात्पर्य सांगत. (आमच्या प्रवचनांनी त्यांच्याकडून निदान लांबीचा धडा घ्यावयास हरकत नव्हती.) पवित्र सभेची कृत्रिम संततिनियमनाविषयीची भूमिका १९६८ च्या 'ह्युमाने व्हिते' या परिपत्रकाने स्पष्ट केलेली असल्यामुळे 'हम लोग'चा मूळ हेतू आपल्याला मानवणारा नव्हता. तरीही ती मालिका कॅथलिक घरांतून पाहिली गेली, आणि आमच्या मते योग्यच झाले. कारण हेतू मागे पडला आणि माणसे उरली.

त्यातही भागवंती. सासूचे टोमणे आणि नवऱ्याचे व्यसन मुकाट्याने सोसणारी ही आई 'असे वागू नका' हे दाखविण्यासाठी योजलेली होती. पुढे अभ्यासकांनी प्रेक्षकांची मते गोळा केली तेव्हा आढळले की कितीतरी जणींना तीच आदर्श वाटली. शासन एक म्हणत होते, पुरस्कर्ता दुसरेच विकत होता आणि घरातील स्त्री आपल्याला हवे ते वेचून घेत होती. सुमारे दीडशे भागांनंतर, १७ डिसेंबर १९८५ रोजी मालिका थांबली. दूरदर्शन तेव्हा तेरा-तेरा भागांच्या हिशेबाने मंजुरी देत असे. या हिशेबाला लोक हसत, पण त्यामुळे कथेला आपला शेवट समोर दिसत असे.

निर्माता बदलल्याने काय होते याचा स्वच्छ नमुना पुढच्याच वर्षी मिळाला. तेच मनोहर श्याम जोशी 'बुनियाद' लिहू लागले, पण आता पाठीशी सिप्पींचे चित्रपटगृह होते आणि रमेश सिप्पी स्वतः दिग्दर्शन करीत होते. लेखणी तीच, परंतु 'हम लोग'मधील ओलसर भिंतींचे अपुरे घर जाऊन लाहोरची हवेली आली, फाळणी आली, तीन पिढ्यांचा पसारा आला. चित्रपटवाल्याला आरंभ, मध्य आणि शेवट यांची सवय असते. त्यामुळे 'बुनियाद'मधील माणसे म्हातारी होतात, चुकतात, एकमेकांना क्षमा करतात, आणि ती क्षमा टिकते.

मराठीत खासगी वाहिनी आली १९९९ मध्ये. 'अल्फा मराठी'वर विनय आपटे यांच्या दिग्दर्शनाखाली 'आभाळमाया' सुरू झाली, आणि सुकन्या कुलकर्णी यांची सुधा जोशी घरोघरी पोहोचली. शिकलेली, कमावती, नवऱ्याच्या दुसऱ्या संबंधाने दुखावलेली आणि तरी ताठ उभी राहिलेली ही बाई अनेक शिक्षिकांना व परिचारिकांना आपली वाटली. त्यानंतर स्मिता तळवलकर यांची 'अवंतिका' आली. तळवलकरबाई दूरदर्शनवर बातम्या देत असत. पुढे त्यांनी 'कळत नकळत', 'चौकट राजा' असे चित्रपट काढले. 'कळत नकळत'मध्येही विवाहबाह्य संबंधाने विस्कटलेले घर होते आणि स्नेहलता दसनूरकर यांच्या कथेवरील 'अवंतिका'तही तोच प्रश्न होता. म्हणजे निर्माती एका प्रश्नाशी वर्षानुवर्षे झुंजत होती. वाहिनी तिची नव्हती, पण मालिकेवर ठसा तिचाच होता. त्या काळातील मराठी मालिकांचे मोठेपण आम्ही या गोष्टीत मानतो. स्मिता तळवलकर २०१४ मध्ये निवर्तल्या.

दरम्यान ३ जुलै २००० पासून हिंदीत एकता कपूर यांची 'क्योंकि सास भी कभी बहू थी' सुरू झाली होती. तिच्याविषयी इतके लिहिले गेले आहे की येथे एकच गोष्ट पुरे. नायक मिहिर मेला. प्रेक्षकांनी आक्रोश केला, आणि मिहिर परत आला. आम्ही पुनरुत्थानाची घोषणा दर रविवारी करतो. ते टीआरपीच्या बळावरही घडते हे तेव्हा समजले. आठ वर्षांनी, १८०० हून अधिक भागांनंतर ही मालिका २००८ मध्ये संपली आणि २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. मराठीत 'ईटीव्ही'वरील 'चार दिवस सासूचे' २००१ पासून २०१३ पर्यंत चालली. तिचे भाग ३००० वर गेले. नावात चारच दिवस होते, हे सोडा.

हे का घडले याचे कारण व्यवहारात आहे. दूरदर्शनच्या पुरस्कृत पद्धतीत निर्माता प्रक्षेपणाचे शुल्क भरून जाहिराती मिळवी आणि मालिका त्याची असे. उपग्रह वाहिन्यांनी बहुतांशी ही रीत उलटविली. वाहिनी दर भागामागे ठरलेली रक्कम देते, कथेचे हक्क आपल्याकडे ठेवते, आणि आठवड्याचे आकडे आले की कोणता धागा ताणायचा व कोणता तोडायचा ते सांगते. निर्माता अशा रीतीने पुरवठादार झाला. चालत्या मालिकेचा शेवट करणे म्हणजे चालत्या दुकानाला कुलूप घालणे. ते कोण करील?

आता आमच्या मनातील मुख्य गोष्ट. ज्या कथेला शेवट नाही तिच्यात पश्चात्ताप होऊ शकत नाही. खलनायिका रडली, पाया पडली, सासूने तिला उराशी धरले, तरी प्रेक्षक जाणून असतो की उद्याच्या भागाला तिची दुष्टाई लागणार आहे. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात बाप धावत जाऊन मुलाला मिठी मारतो, आणि प्रभू येशू थोरल्या भावाचे उत्तर न सांगताच थांबतो. मिठी मात्र पुसली जात नाही. तोच दाखला रोज रात्री साडेआठला दाखवायचा झाला तर धाकटा पुढच्या महिन्यात पुन्हा वाटणी मागेल. आमच्याकडे सल्ल्यासाठी आलेल्या एका भगिनीने आम्हाला विचारले होते, "फादर, यांनी माफी मागितली, पण ती पुढच्या भागापुरती कशावरून नसेल?" तिने ही उपमा मालिकेतूनच घेतली होती. तिच्या संशयाला तिच्या घरात पुरेशी कारणेही होती, आणि क्षमा म्हणजे त्याच मारझोडीत परत जाणे नव्हे, हे आम्ही तिला स्पष्ट सांगितले. पोप फ्रान्सिस यांनीही २०१६ च्या 'आमोरिस लेतित्सिया'मध्ये विभक्त होणे काही वेळा नैतिक दृष्ट्या आवश्यक ठरते असे म्हटलेले आहे. पण नवरा कधी बदलूच शकत नाही, ही खात्री तिला केवळ अनुभवाने दिली होती असे आम्हाला वाटत नाही. पंधरा वर्षे रोज रात्री तीच शिकवण मिळाली होती.

नागपूरला या इतिहासात स्वतःची एक नायिकाही मिळाली. 'झी मराठी'वरील 'माझ्या नवऱ्याची बायको' (२०१६ ते २०२१) मधील राधिका नागपूरची, आणि अनिता दाते यांनी तिला बोलीही इकडचीच दिली. आमच्याकडे त्यावर फार वाद झाले. कोणी म्हणे, चला, ठाण्याच्या फ्लॅटात आपली बोली तर ऐकू आली; कोणी म्हणे, आम्ही काय असे बोलतो? नवऱ्याने झिडकारलेली राधिका मसाल्यांचा उद्योग उभारते, हा भाग खरोखर उभारी देणारा होता. पण गुरुनाथ सुधारतो आहे असे वाटले की त्याचा नवा कट निघे. साडेचार वर्षांत त्या माणसाला एकदाही धडपणे बदलू दिले गेले नाही.

अलीकडील उदाहरण अधिक बोलके आहे, आणि आमच्या मांडणीला थोडे अडचणीचेही. लीना गंगोपाध्याय यांची बंगाली 'श्रीमयी' जून २०१९ मध्ये आली. लेखिका स्वतःच निर्मितीत भागीदार होती. तीच कथा राजन शाही यांनी डिसेंबर २०१९ मध्ये 'स्टार प्रवाह'साठी 'आई कुठे काय करते' म्हणून आणि जुलै २०२० मध्ये हिंदीत 'अनुपमा' म्हणून उभी केली. लेखिकेच्या हातातील बंगाली कथा अडीच वर्षांत संपली. मराठी पाच वर्षे चालली, आणि हिंदी २०२५ मध्येही चालूच होती. मराठी व हिंदीचा निर्माता एकच, मग लांबीत फरक का? आम्हाला वाटते, निर्मात्याच्या मागे उभी असलेली वाहिनीची बाजारपेठ हाच येथे खरा धनी.

मधुराणी प्रभुलकर यांची अरुंधती पंचवीस वर्षांच्या संसारानंतर नवऱ्याचे दुसरे प्रकरण समजताच उभी राहिली, तेव्हा आमच्या महिला मंडळातही चर्चा पेटली. पुढे तिला घटस्फोट, दुसरा विवाह आणि आशुतोषच्या रूपाने सज्जन साथीदार मिळाला. पवित्र सभेच्या दृष्टीने तो दुसरा विवाह मान्य होण्यासारखा नव्हता, हे आम्ही विचारणाऱ्यांना सांगत होतो. परंतु मालिकेची अडचण निराळीच होती. बाई सुखी झाली, आता रोजचा भाग कशावर लिहिणार? आशुतोषचा अपघातात अंत करण्यात आला. मार्च २०२४ मध्ये मालिका साडेसातवरून दुपारी अडीचला गेली आणि ३० नोव्हेंबर २०२४ रोजी, शनिवारी, संपली.

दुसरा दिवस आगमनकाळाचा पहिला रविवार होता. मिस्सानंतर आवारात उभ्या असलेल्या स्त्रियांत, दुपारी नोकरीवर असणाऱ्या एकीने दुसरीला विचारले, "मग तो अनिरुद्ध सुधारला का हो शेवटी?" ती म्हणाली, "आता सोमवारी भाग नाही ना, म्हणजे सुधारलाच म्हणायचं."