फसली सनातला दाखला

धाराशिवात तहसील कचेरीच्या रस्त्यावर माझे झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्ज भरण्याचे दुकान आहे. सुरुवातीला टायपिंगची दोन यंत्रे होती, मग झेरॉक्स आले, मग संगणक. जून ते ऑगस्ट या तीन महिन्यांत दुकानात उभे राहायला जागा नसते. पदवी झालेली पोरे-पोरी एम.ए., एम.एस्सी., एम.एस.डब्ल्यू.चे अर्ज भरायला येतात आणि प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकची एक फाइल असते. टीसी, मायग्रेशन, गॅपचे प्रतिज्ञापत्र, नॉन-क्रिमिलेअर, जात पडताळणी. यांतला एखादा कागद नेहमी नसतोच.

दोन वर्षांपूर्वी एक मुलगी अशीच आली. तुळजापूरला टाटा समाजविज्ञान संस्थेत तिला एम.ए. करायचे होते. जात वैधतेसाठी इतर मागासवर्गीयांना 1967 पूर्वीचा पुरावा लागतो. तिच्याकडे पणजोबांचा शाळेचा दाखला होता, पण उर्दूत. घरात कोणाला वाचता येत नव्हता. मी गेली वीस वर्षे एका निवृत्त मौलवी मास्तरांकडून शिकलेल्या उर्दूवर असले कागद वाचतो. समितीला अधिकृत भाषांतरच लागते, माझ्या वाचनाला तिथे किंमत नाही; पण कागद कामाचा आहे की नाही एवढे मी सांगू शकतो. 2023 साली न्यायमूर्ती शिंदे समितीने निजामकालीन नोंदी शोधायला सुरुवात केली, तेव्हापासून तर जिल्ह्यात उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला आहे.

दाखल्यावर तारीख होती दै महिना, 1348 फसली. हैदराबाद संस्थानचे सरकारी वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, आजूर महिन्याने सुरू होई. फसली सनात 590 मिळवले की इसवी सन मिळतो. जानेवारी लागल्यावर 591 मिळवायचे. म्हणजे हा दाखला नोव्हेंबर किंवा डिसेंबरच्या आरंभीचा, सन 1938. मुलगा वस्तानिया, म्हणजे मिडल शाळेतला. संस्थानात प्राथमिक शाळा ती तहतानिया, मिडल ती वस्तानिया आणि हायस्कूल ते फौकानिया. वस्तानियानंतर तो पुढे शिकला नाही.

1938 चा नोव्हेंबर हे वाचून माझ्या अंगावर काटा आला, हे कबूल करतो. त्याच महिन्यात उस्मानिया विद्यापीठात वंदे मातरम् चळवळ पेटली होती. पुढचे पंधरा दिवस या दाखल्याचा आणि त्या चळवळीचा संबंध जोडण्यात मी घालवले. संबंध काहीच नव्हता. तालुक्याच्या गावचे ते पोर, त्याला उस्मानिया कुठे आहे हेही ठाऊक नसेल. पण त्या पंधरा दिवसांत जे धुंडाळले त्यातून वेगळाच प्रश्न उभा राहिला. वस्तानियापुढे फौकानिया, त्यापुढे इंटर, बी.ए. आणि त्याही पुढची पदवी, हा जिना चढायचा म्हटले तर धाराशिवच्या मुलाला अर्ज करायचा तरी कुठे होता?

संस्थानात दोन दरवाजे होते. एक निजाम कॉलेज, 1887 चे. ते हैदराबादेत असले तरी मद्रास विद्यापीठाला जोडलेले, माध्यम इंग्रजी. दुसरा दरवाजा उस्मानिया विद्यापीठाचा. 1917 च्या फर्मानाने त्याची स्थापना झाली, 1919 मध्ये वर्ग सुरू झाले. देशी भाषेतून उच्च शिक्षण देणारे हे विद्यापीठ, ही त्या काळी फार मोठी गोष्ट होती. गणित, रसायन, तत्त्वज्ञान, कायदा, सगळे उर्दूत आणायचे म्हणून भाषांतराचा स्वतंत्र विभाग, दार-उल-तर्जुमा, उभा केला. आपल्याकडे मराठीतून विज्ञान शिकवण्याची नुसती भाषणे होतात, त्यांनी ते करून दाखवले. मी त्याला नावे ठेवणार नाही. पण ती देशी भाषा धाराशिव, नांदेड, परभणीच्या बहुसंख्य मुलांच्या घरातली नव्हती. मराठी, तेलुगू, कानडी घरांतल्या मुलांना आधी उर्दूचा उंबरठा ओलांडावा लागे, मग ज्ञानाचा. शिवाय उर्दू माध्यमातली ही पदवी संस्थानाबाहेर किती चालेल ही धास्ती वेगळीच.

तिसरा रस्ता हद्दीपलीकडचा. धाराशिवच्या मुलाला तो फार लांब नव्हता. बार्शी म्हणजे इंग्रजी मुलूख. बार्शी लाइटची अरुंद गाडी 1897 मध्ये सुरू झाली आणि 1911 पर्यंत लातूरला पोचली. येडशीला त्या गाडीत बसायचे, कुर्डुवाडीला उतरून मोठी गाडी धरायची, पुणे गाठायचे. गाडी इतकी हळू की चालत्या गाडीतून उतरून पुन्हा चढता येई, अशी गंमत आमच्याकडची म्हातारी माणसे सांगत. या गाडीने मिरची, कापूस आणि गूळ गेला, तशी काही पोरेही गेली. पण हद्द ओलांडली की कागद बदलत. दाखला उर्दूत, जन्मतारीख फसलीत, महिने इराणी नावांचे.

पुढच्या पदवीसाठी या भागातली माणसे कुठे कुठे गेली ते पाहिले की नकाशा केवढा पसरतो! सेतुमाधवराव पगडी मूळचे निलंग्याचे, जन्म 1910. निलंगा तेव्हा बीदर जिल्ह्यात, 1956 नंतर उस्मानाबादेत, 1982 पासून लातुरात. त्यांच्या गावानेही बरेच दाखले बदलले. पगडी बनारसला गेले आणि एम.ए. त्यांनी अलाहाबादेत केले. परत येऊन संस्थानच्या मुलकी नोकरीत शिरले आणि उर्दू-फारसीच्या ज्ञानावर मराठ्यांच्या इतिहासाची साधने मराठीत आणली. ज्या भाषेचा उंबरठा इतरांना अडवत होता, तोच त्यांचा जिना झाला. औरंगाबादचे गोविंदभाई श्रॉफ गणितात एम.एस्सी. करायला थेट कलकत्त्याला गेले. निलंगा ते अलाहाबाद, औरंगाबाद ते कलकत्ता. आज आमच्या दुकानात पोरगी पुण्याचा पर्याय टाकताना वडिलांच्या तोंडाकडे बघते.

तिसरे उदाहरण याच जिल्ह्यातले आहे आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे. लोहारा तालुक्यातल्या हिप्परगा रवा या गावी 1921 साली राष्ट्रीय शाळा निघाली. 1929 मध्ये व्यंकटेश खेडगीकर नावाचा तरुण तिथे मुख्याध्यापक म्हणून आला. 14 जानेवारी 1930 रोजी त्याने संन्यास घेतला आणि पुढे सारा मराठवाडा त्याला स्वामी रामानंद तीर्थ म्हणून ओळखू लागला. असहकारात त्यांनी सरकारी शाळा सोडली होती. अमळनेरच्या राष्ट्रीय शाळेतून ते पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठात गेले आणि लोकशाहीच्या उत्क्रांतीवर प्रबंध लिहून एम.ए. झाले. या पदवीला सरकारदरबारी मान नव्हता. ती घेणाऱ्याला नोकरी मिळणार नाही हे घेतानाच माहीत होते. लोकशाहीवर प्रबंध लिहिलेला माणूस अशा मुलखात शिकवायला आला, जिथे सभा घ्यायलाही सरकारची परवानगी लागे.

राष्ट्रीय शाळेची अडचण उघड आहे. इथून बाहेर पडलेल्या मुलाने पुढे जायचे कुठे? सरकारमान्य मॅट्रिक नाही, म्हणजे निजाम कॉलेजही नाही आणि उस्मानियाही नाही. चरित्रांमध्ये हिप्परग्याच्या प्रार्थना, सूतकताई आणि शिस्तीची वर्णने भरपूर येतात, या प्रश्नावर मात्र लेखक झटकन पुढे सरकतात. पालकांनी तो विचारलाच असणार. 1935 मध्ये स्वामीजी मोमिनाबादला, म्हणजे अंबाजोगाईला गेले.

आता 1938. स्टेट काँग्रेसवर जन्माला येण्याआधीच बंदी आली होती. 24 ऑक्टोबरला सत्याग्रह सुरू झाला, 27 तारखेला स्वामीजींना अटक झाली. नोव्हेंबरमध्ये औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजच्या वसतिगृहात आणि मग उस्मानियाच्या वसतिगृहांत मुले प्रार्थनेत वंदे मातरम् म्हणू लागली. बंदी आली, मुलांनी संप केला, शेकडोंची नावे विद्यापीठाने काढून टाकली. परत यायचे तर माफी लिहून द्या, असे सांगण्यात आले. बहुतेकांनी दिली नाही.

गौरवाची गाणी इथे थांबतात. मला त्यांचा जानेवारी महिना बघायचा असतो. वीस-बावीस वर्षांची मुले, निम्मे वर्ष झालेले, शिष्यवृत्ती गेलेली, वडील कुठल्या तरी गावचे कुलकर्णी, वकील नाहीतर कास्तकार. हातात कसला दाखला नाही, कारण ज्याने काढून टाकले तो चांगल्या वर्तनाचा दाखला कसा देईल? आजच्या भाषेत बोलायचे तर मायग्रेशन नसलेले अर्ज. अशा अर्जांना ब्रिटिश हिंदुस्थानातल्या विद्यापीठांनी दारे लावली. दार उघडले ते नागपूर विद्यापीठाने. कुलगुरू टी. जे. केदार यांनी या मुलांना सामावून घेतले. या गोष्टीचे महत्त्व मला इतिहासाच्या पुस्तकांपेक्षा दुकानात बसून जास्त कळते. एखादा कागद नसताना अर्ज घ्यायचा, म्हणजे टेबलापलीकडच्या माणसाने आपली सही पणाला लावायची. उस्मानियातून बाहेर पडलेले पी. व्ही. नरसिंह राव याच वाटेने नागपूरला गेले आणि कायद्याची पदवी त्यांनी तिथे घेतली. पुढे ते पंतप्रधान झाले म्हणून त्यांचे नाव राहिले. बाकीच्यांपैकी कोणी वकील झाले, कोणी मास्तर, कोणी पुन्हा तुरुंगात गेले.

1948 मध्ये संस्थान संपले तरी मराठवाड्यातली महाविद्यालये आणखी दहा वर्षे उस्मानियालाच जोडलेली होती. बाबासाहेबांनी 1950 मध्ये औरंगाबादेत सुरू केलेले कॉलेज, जे पुढे मिलिंद म्हणून गाजले, तेही. 23 ऑगस्ट 1958 रोजी मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले आणि पहिल्यांदा आमच्या मुलाचा अर्ज मराठी मुलखातच राहिला. तरी औरंगाबाद धाराशिवपासून अडीचशे किलोमीटरच्या आसपास. 1994 मध्ये दोन गोष्टी झाल्या. 14 जानेवारीला विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळाले, ज्यासाठी सोळा वर्षे लोकांनी लाठ्या खाल्ल्या आणि जीव गमावले. आणि 17 सप्टेंबरला नांदेडला नवे विद्यापीठ झाले. लातूर तिकडे गेले, आम्ही औरंगाबादकडेच राहिलो. धाराशिवात विद्यापीठाचे उपकेंद्र यायला 2004 उजाडले.

त्याआधीच एक गोष्ट घडली होती, जिचे अप्रूप जिल्ह्याला अजून पुरते कळलेले नाही. मुंबईत 1936 मध्ये सुरू झालेल्या टाटा समाजविज्ञान संस्थेने 1986 साली तुळजापुरात आपले ग्रामीण केंद्र काढले. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी-सास्तूरचा भूकंप झाला, तेव्हा बाधित गावांचे सर्वेक्षण या संस्थेने केले. पुढे तिथेच एम.ए.चे वर्ग सुरू झाले आणि उलटी गंगा वाहू लागली. ईशान्येकडची, केरळची, झारखंडची मुले तुळजापूरला अर्ज करू लागली. भवानीच्या दर्शनाला येणारे लोक आम्ही पाहिले होते, एम.ए.ला येणारे नव्हते. आता हा प्रवेश देशपातळीवरच्या सामायिक परीक्षेतून होतो.

भूकंपाचे वर्ष माझ्या स्वतःच्या हिशोबातही आहे. बी.ए. मी दुसऱ्या विद्यापीठाच्या हद्दीतल्या एका कॉलेजातून केले. 1993 च्या जूनमध्ये इतिहासात एम.ए.साठी अर्ज केला. मायग्रेशन नंतर आणून देतो असे लिहून दिले होते. तीन वेळा कॉलेजात गेलो, तीन वेळा ‘पुढच्या आठवड्यात या’. तो आठवडा आला तेव्हा मुदत संपली होती. पुढच्या वर्षी बघू म्हटले. सप्टेंबरच्या शेवटी जमीन हलली. मामांचे घर सास्तूरकडे होते. ते वर्ष पत्रे, बांबू आणि पंचनाम्यांत गेले, आणि पंचनामे टाइप करता करता मी टायपिंगचे दुकान टाकले. इतिहास नंतर दुकानातल्या कागदांवर शिकलो. तक्रार नाही म्हटले तर खोटे होईल.

त्या मुलीच्या दाखल्याचे अधिकृत भाषांतर झाले आणि पडताळणीचा प्रस्ताव दाखल झाला. प्रवेशाचा अर्ज आम्ही शेवटच्या दिवशी रात्री पावणेबाराला भरला. मधे दोनदा सर्व्हर बंद पडला, एकदा लाइट गेली. पावती छापून निघाली, तशी ती म्हणाली, “काका, तुमचं एम.ए. कशात झालंय?”

मी म्हटलं, “झालं नाही.”

“मग मुक्त विद्यापीठातून करा की. तिथले अर्ज अजून चालू असतील. वयाची अट नसते.”

तिने स्वतःच वेबसाइट उघडली आणि कागदांची यादी मोठ्याने वाचली. दुसऱ्या दिवशी रविवार होता, दुकान बंद होते. घरी माळ्यावरची पत्र्याची पेटी काढली. बी.ए.ची गुणपत्रिका सापडली, टीसीही. मायग्रेशनच्या फीची 1993 सालची पावती सापडली. मायग्रेशन मी नंतर कधी आणायला गेलोच नव्हतो.